हँडल कुणाच्या मापाचं?

शास्त्राने सांगितलेली वस्तू मिळाली नाही, तर कर्म सोडून द्यायचं की दुसरी वस्तू घेऊन ते पुरं करायचं? मीमांसकांनी हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी विचारला आणि त्याची उत्तरं फार बारकाईने दिली. जैमिनींच्या सूत्रांमधल्या सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद मुख्यतः याच विषयाचा आहे. मूळ द्रव्याच्या जागी जे घ्यायचं त्याला तिथे प्रतिनिधी म्हटलं आहे. मी पौरोहित्य करते, त्यामुळे या पादाशी माझी जुनी ओळख. पण त्यातला एकेक नियम हातात घेऊन तपासायची वेळ आली ती यंदा, बाबांच्या येझ्दी मोटारसायकलचं हँडल बदलताना.

प्रतिनिधीची कल्पना आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे की ती कुणाला शिकवावी लागत नाही. पूजेत देवाला वस्त्र नसेल तर अक्षता वाहायच्या, अलंकार नसतील तरी अक्षता वाहायच्या. गणपतीची मूर्ती नसेल तर विड्यावर सुपारी मांडायची. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याचं पान द्यायचं. श्राद्धाला ब्राह्मण मिळाले नाहीत तर दर्भाचे चट बसवायचे. यजमानाची पत्नी हयात नसेल तर तो कमरेला सुपारी लावून संकल्प सोडतो. या सगळ्याला पळवाट म्हणणारे लोक मला पुष्कळ भेटतात. मी त्यांना सांगते की शास्त्रकारांना पळवाटच काढायची असती तर त्यांनी एका ओळीत मोकळीक देऊन टाकली असती. त्यांनी उलट नियमांवर नियम घातले. काय चालेल, काय चालणार नाही, कुठे थांबायचं, याचा इतका काटेकोर विचार पळवाट शोधणारा माणूस करत नाही. कर्म अडता कामा नये आणि ते ढिलंही होता कामा नये, या दोन्ही गोष्टी ज्याला मनापासून हव्या आहेत, तोच असा विचार करतो.

मी पौरोहित्य शिकले ते पुण्यात, आमच्या सदाशिव पेठेतच. शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात उद्यान कार्यालयात बायकांसाठी पौरोहित्याचे वर्ग सुरू केले, पुढे ज्ञान प्रबोधिनीनेही हे काम हाती घेतलं. त्यामुळे या पेठेत ‘गुरुजी आले’ म्हणून दार उघडावं आणि समोर बाई उभी असावी, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. गणेश चतुर्थीला पहाटेपासून एका घरातून दुसऱ्या घरी धावायचं असतं. खजिना विहिरीजवळची पूजा आटोपली की पेरूगेट, तिथून नागनाथ पार, मग चिमण्या गणपतीच्या मागचा बोळ. सलवार-कमीज घालून गाडी मारायची, पूजेची साडी आणि पोथी पिशवीत. बाबा गेल्यापासून ही सगळी धावपळ मी त्यांच्या येझ्दीवर करते.

येझ्दी मूळची म्हैसूरची. आयडियल जावा या कंपनीने १९६१ मध्ये तिथे चेक बनावटीच्या जावा गाड्या बनवायला सुरुवात केली. १९७३ पासून त्या येझ्दी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझ्दी हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती वेगळ्या रचनेची नवी गाडी आहे. जिच्यात गिअरचा आणि किकचा दांडा एकच, ती दोन सायलेन्सरची जुनी येझ्दी आता फक्त ज्यांनी जपली त्यांच्याकडे. कारखान्यातून निघालेला एखादा भाग कुणाच्या माळ्यावर सापडला तर सापडला, एरवी मूळ द्रव्य संपलेलं आहे.

सम-विषम तारखांच्या पार्किंगमध्ये ओळीने लावलेल्या गाड्या एकावर एक कोसळल्या, त्यात माझी गाडी खाली गेली. हँडलचं डावं टोक आत वाकलं आणि क्लचचा लिव्हर जवळजवळ टाकीला टेकला. आमच्या मेस्त्रींनी पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ताई, पाइप घालून सरळ करून देतो. दिसेल अगदी पहिल्यासारखं. पण भरवसा मागू नका.’’ त्यांचं बरोबर होतं. पोलादी नळी एकदा घडी पडून वाकली आणि परत ओढून सरळ केली, की घडीच्या जागी धातू कमकुवत झालेला असतो. तिथे चीर गेली तर ती क्रोमच्या मुलाम्याखाली दिसत नाही. हँडल तुटायचं झालं तर ते उभ्या गाडीत तुटत नाही. खड्ड्यात चाक आपटतं, सगळा भार मनगटांवर येतो, त्या क्षणी तुटतं.

संध्याकाळी दादाचा बेंगळुरूहून फोन आला. तो म्हणाला, ‘‘बाबांचं हँडल आहे ते. सरळ करून घे. नाहीच झालं, तर डिट्टो तसंच शोध. त्यांची गाडी त्यांच्यासारखीच राहू दे.’’

दादाचं म्हणणं मी बाजूला सारलं नाही. मेलेल्या माणसाशी निष्ठा ठेवायची तर ती कशात ठेवायची, हा खरा धार्मिक प्रश्न आहे, आणि दादाचं उत्तर होतं, रूपात. या उत्तरामागे मोठी परंपरा उभी आहे. पुरीला नवकलेवराच्या वर्षी जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नव्याने घडवतात. अलीकडचं नवकलेवर २०१५ मध्ये झालं. लाकूड नवं, पण रूप तेच, आणि जुन्या मूर्तीच्या आतला ब्रह्मपदार्थ काढून नव्या मूर्तीत ठेवतात. तिथे रूपात तसूभर फरक चालणार नाही आणि तसंच असायला हवं. कारण भक्त तिथे दर्शनाला येतो, आणि दर्शन रूपाचंच असतं. रूप हेच तिथलं काम आहे. पण हँडलचं काम काय? हँडलने चाक वळायला हवं, ब्रेक आणि क्लच वेळेवर बोटांत यायला हवेत, आणि चालवणाऱ्याला रस्ता मनगटांत कळायला हवा. पुरीचा न्याय हँडलला लावायचा तर आधी हा फरक ओलांडावा लागतो, आणि तो मला ओलांडता आला नाही. म्हणून मी जैमिनींकडे वळले.

त्यांचं पहिलं म्हणणं असं की नित्यकर्म द्रव्यावाचून थांबवू नये. यज्ञात आहुती द्यायच्या पुरोडाशाला, म्हणजे पिठाच्या रोटाला, व्रीही म्हणजे भात सांगितले आहेत. ते मिळाले नाहीत तर नीवार घ्यावेत. नीवार म्हणजे रानात आपोआप उगवणारा देवभात. साधन बदललं तरी कर्म मोडत नाही, हा विश्वास आजवर टिकून आहे. १९७५ च्या एप्रिलमध्ये केरळातल्या पांजाळ गावी नंबुद्री ब्राह्मणांनी बारा दिवसांचं अग्निचयन केलं. बोकडांच्या बळीला विरोध झाला, तेव्हा तांदळाच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधलेले पुडे त्यांच्या जागी आले. विटांची चिती रचली गेली, मंत्र झाले, सोम झाला. तीन हजार वर्षांच्या परंपरेने एवढा मोठा बदल स्वीकारला आणि कर्म पुरं केलं. तेव्हा गाडी घरात झाकून ठेवायची नाही, हे माझं पहिल्या दिवशीच ठरलं.

दुसरा नियम मला नाना पेठेत आठवला. पुण्यात दुचाकीचा सुटा भाग हवा असेल तर पाय आपोआप नाना पेठेकडे वळतात. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, ‘‘ताई, सँपल आणलंय का?’’ मी वाकलेलं हँडल काउंटरवर ठेवलं. त्याने छताला टांगलेल्या हँडलांमधून एक काढलं, त्यावर आडवं धरलं, दुसरं काढलं, तेही धरून पाहिलं. मग माझं हँडल उचलून मधला भाग उजेडात फिरवला आणि म्हणाला, ‘‘हे येझ्दीचं नाहीच. कुणीतरी मागे दुसऱ्या गाडीचं बसवलंय. येझ्दीच्या हँडलची टोकं मागे येतात. हे पार सरळ आहे.’’

बाबा उंच होते, हात लांब होते, पुढे झुकून गाडी चालवायला त्यांना आवडायचं. मूळचं हँडल कधीतरी गेलं असेल आणि त्यांनी आपल्या अंगाला बसेल असं सरळ हँडल लावून घेतलं असेल. दादा ज्याला बाबांच्या गाडीचं मूळ रूप म्हणत होता, ते रूपच प्रतिनिधी होतं.

या प्रसंगासाठी मीमांसेत अगदी नेमका नियम आहे. व्रीही नव्हते म्हणून नीवार घेतले, आणि आता नीवारही नासले. पुढचं धान्य कशासारखं शोधायचं? उत्तर असं की व्रीहीसारखं, नीवारासारखं नव्हे. प्रतिनिधीचा प्रतिनिधी करायचा नाही. दर वेळी मुळाकडे जाऊन तिथून निवडायचं. शबरस्वामींचं या सूत्रांवरचं भाष्य आमच्या शेजारच्या बुधवार पेठेतल्या आनंदाश्रमाने छापलेलं आहे, आणि हे अधिकरण मी त्यात पुष्कळदा वाचलेलं आहे. यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. नकलेवरून नक्कल करत गेलं की प्रत्येक पायरीला थोडं थोडं निसटतं, आणि चार पिढ्यांनी हातात जे उरतं त्याचा मुळाशी संबंध राहत नाही. आपल्या कितीतरी रूढी अशाच घडल्या आहेत. आजीने अडचणीपोटी केलेली तडजोड आईने नियम म्हणून पाळली आणि मुलीने धर्म म्हणून. मूळ विधी काय होता हे विचारायला कुणी मागे गेलंच नाही.

तिसरा नियम निषिद्धाचा. मूग सांगितले असतील आणि मिळाले नाहीत, तर जवळचे म्हणून उडीद घेता येत नाहीत, कारण उडीद यज्ञाला वर्ज्य आहेत. साम्य कितीही असो, जे वर्ज्य ते वर्ज्य. दुकानदाराने दाखवलेल्या हँडलांमध्ये एक जुन्या येझ्दीच्या हँडलशी इतकं मिळतं-जुळतं होतं की जुना येझ्दीवालाही फसला असता. चकचकीत क्रोम, वळणही तेच. पण हातात घेतल्यावर हलकं लागलं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी बाहेरून २२ मिलिमीटरची असते, तशी हीही होती; आतून मात्र पत्रा पातळ. मधे जिथे क्लॅम्प हँडल धरतो तिथे नळीवर दातेरी खरखरीत पट्टा असतो. बोट फिरवलं की तो टोचतो, आणि त्याच्यामुळेच जोर पडला तरी हँडल क्लॅम्पमध्ये फिरत नाही. या हँडलवर तो पट्टा नुसता रेघा मारल्यासारखा होता; बोट त्यावरून घसरून गेलं. मी ते परत केलं. दुसऱ्या टोकाला, मुठी खांद्याच्याही वर नेणारी फॅशनची हँडलं होती. तीही वर्ज्यच. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेच्या विरुद्ध गाडीत फेरफार करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलेलं आहे. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी तशा हँडलने लक्ष्मी रोडच्या गर्दीत गाडी सावरता येत नाही.

उरली दोन. एक जुन्या येझ्दीच्या वळणाचं. दुसरं त्याच वळणाचं, पण थोडं उंच आणि टोकं जास्त मागे आलेली. मुळाशी साम्य पाहायचं तर पहिलं घ्यायला हवं होतं. इथे मला शेवटच्या दोन नियमांनी हात दिला.

यज्ञात पशू बांधायला यूप लागतो आणि तो खैराचा सांगितला आहे. समजा खैर मिळाला, पण तो इतका बारीक आहे की पशू त्याला बांधला तर टिकणार नाही. आणि खैराच्याच जातीचा, पण खैर नव्हे असा कदर नावाचा भक्कम वृक्ष शेजारी उभा आहे. काय घ्यावं? जैमिनी सांगतात, कदर घ्यावा. द्रव्य आणि प्रयोजन यांचा विरोध आला तर प्रयोजन वरचढ, कारण द्रव्य प्रयोजनासाठी असतं. मला हे सूत्र संपूर्ण पादाचा कळस वाटतं. साम्याचा एवढा आग्रह धरणारे हेच शास्त्रकार, पण यूपाचं काम पशू धरून ठेवणं हे त्यांनी क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही.

मेस्त्रींनी मला गाडीवर बसवलं आणि म्हणाले, ‘‘डोळे मिटा, खांदे सैल सोडा, आणि हात आपोआप जिथे जातील तिथे मुठी वळा.’’ डोळे उघडले तेव्हा माझ्या मुठी बाबांच्या हँडलच्या बऱ्याच अलीकडे होत्या. त्या सरळ हँडलवर गाडी पूर्ण उजवीकडे वळवली की माझा डावा हात ताठ व्हायचा, खांदा पुढे ओढला जायचा आणि क्लच नुसता बोटांच्या टोकांत राहायचा. आमच्या बोळांत दर दहा पावलांना गाडी पूर्ण वळवावी लागते. बाबांना ते हँडल नेमकं बसत होतं आणि त्यांनी ते स्वतःसाठी योग्यच निवडलं होतं. पण आता गाडी चालवणार कोण?

शेवटचा नियम याच प्रश्नाचा. जैमिनी सांगतात की देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही; आणि स्वामीलाही नाही, म्हणजे ज्याचं कर्म आहे त्या यजमानालाही नाही. सत्रासारख्या अनेक यजमानांच्या कर्माची गोष्ट वेगळी. एरवी धान्य बदलेल, लाकूड बदलेल, पण यजमानाच्या जागी दुसरा माणूस उभा करून कर्म त्याचंच आहे असं म्हणता येणार नाही. दादाच्या म्हणण्यात नेमकं हेच दडलेलं होतं. बाबांची गाडी बाबांसारखी राहावी, म्हणजे मी त्यांच्या मापाच्या हँडलवर त्यांच्यासारखी झुकून त्यांच्या जागी बसावं. पण बाबांना प्रतिनिधी नाही. मी त्यांच्या वतीने गाडी चालवत नाही. पूजा माझ्या, यजमान मला बोलावतात, आणि गर्दीत समोर आलेल्या लेकरासाठी ब्रेक दाबायचा तोही माझ्याच बोटांनी. त्यांच्याकडून मला जे मिळालं ते त्यांचं माप नव्हे. गाडी पुसूनच बाहेर काढायची, सैल नट सैल ठेवायचा नाही, दिलेल्या वेळेला पोचायचं, ही शिस्त मिळाली. ती चालवायला माझे हात मोकळे हवेत.

मी दुसरं, उंच हँडल घेतलं. ते बसवताना मेस्त्रींनी जी काळजी घेतली ती सांगायला हवी, कारण उंच हँडल निवडणारे बरेच जण तिथेच फसतात. हँडल वर आणि मागे आलं की केबलींचा मार्ग बदलतो आणि जुन्या केबली अपुऱ्या पडू शकतात. त्यांनी इंजिन चालू ठेवून हँडल आधी पूर्ण डावीकडे वळवलं, मग पूर्ण उजवीकडे. उजवीकडे वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला. थ्रॉटलला कुणाचा हातही लागलेला नव्हता. केबल ताणली जात होती. रस्त्यावर वळताना गाडी अशीच पुढे उसळली असती. त्यांनी थ्रॉटलची आणि क्लचची केबल लांब घेतली, वायरिंगला सैल वळसा दिला, मूठ आणि टाकी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बोटं जाऊन उरतील एवढी जागा ठेवली, आणि आवाज दोन्हीकडे एकसारखा राहिल्यावरच क्लॅम्पचे बोल्ट आवळले. प्रतिनिधी घेतला की काम संपत नाही. त्याच्या भोवतीचं सगळं त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. कर्मात श्रद्धा असलेला माणूस हे कष्ट टाळत नाही.

जुन्या हँडलचं काय करायचं, हाही प्रश्न होताच. त्यावर दर दसऱ्याला हळद-कुंकू आणि झेंडूचा हार पडलेला. पूजलेली वस्तू भंगारात कशी टाकायची, असं आई म्हणाली. यालाही शास्त्रात जागा आहे. सोमयागात यजमानाला अंग खाजवायला काळविटाचं शिंग दिलेलं असतं. त्याचं काम झालं की ते चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकायचं, आणि हे टाकणंही विधीने सांगितलं आहे. त्याला प्रतिपत्तिकर्म म्हणतात. ज्या वस्तूने आपलं काम केलं तिची नीट सोडवणूक करणं, एवढाच त्याचा हेतू. मी हँडल धुतलं, पुसलं आणि भंगारवाल्याला दिलं. ते भट्टीत जाईल, पोलादाचं पोलाद होईल. वाकलेलं हँडल कुणी सरळ करून विकू नये म्हणून आधी मेस्त्रींकडून करवतीने त्याचे दोन तुकडे करून घेतले.

दादाला हे सगळं अजून पुरतं पटलेलं नाही, आणि त्याच्या मनातली माया मला हलकी वाटत नाही. पण माझा निर्णय पक्का आहे. आपल्या पेठेत जुने वाडे उतरून इमारती उभ्या राहत आहेत. देवघरं, पाट, पिढीजात समया नव्या घरांत चालल्या आहेत. काही मोडतात, काही मावत नाहीत, काही नव्याने घ्याव्या लागतात. तुमच्यावर तशी वेळ आली तर मोडक्या वस्तूचं माप घेऊन घाईने दुकानात जाऊ नका. ती वस्तू मुळात कशासाठी होती हे आधी शोधा, जे वर्ज्य ते स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, आणि गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला बसवू नका. जो माणूस आज ते काम करणार आहे, त्याच्या हाताचं माप घ्या.